बाईंचा हात

बाईंना त्यांच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं गल्लीत कोणालाच आठवणार नाही. नवरा 'अगं' म्हणतो, दीर 'वहिनी' म्हणतो आणि उरलेलं सगळं जग 'बाई' म्हणतं. पोरांना बाईंकडे घालणाऱ्या आईबापांपैकी निम्मेअधिक लहानपणी स्वतःच बाईंच्या हाताखालून गेलेले. आता हाताखालून म्हणायचं ते आपलं बोलायची पद्धत म्हणून. खरं तर ही सगळी माणसं डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत बाईंच्या हातावरून गेलेली आहेत. बाजारात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ बाईंना वाकून नमस्कार करतो आणि बाई त्याच्या कमरेकडे बघून म्हणतात, "अरे, तू तो डावीकडे कलणारा!"

बाई जिम्नॅस्टिक्स शिकवतात. हॉल पालिकेचा. आत शिरलं की आधी मोज्यांचा वास येतो, मग खडूच्या भुकटीचा. भिंतीला लाकडी शिड्या, कोपऱ्यात ठिगळं लावलेल्या मॅट, आणि एक पंखा, जो फक्त मॅनेजर आले की फिरतो. या हॉलमध्ये लहान मुलं सगळं शिकतात, पण येतात ती एकाच गोष्टीसाठी. जागच्या जागी मारायची उलटी कोलांटउडी! पळत यायचं नाही, हात टेकायचे नाहीत. नुसतं उभं राहायचं, उडायचं, हवेत गोळा होऊन मागच्या बाजूने पूर्ण फिरायचं आणि होतो तिथेच दोन पायांवर परत यायचं. ज्याला ती येते तो शाळेत राजा, आणि ज्याला येत नाही तो म्हणतो, त्यात काय एवढं.

एवढं लांबलचक नाव कोण घेणार? हॉलमध्ये तिला नुसतं 'उलटी' म्हणतात. त्यावरून काय काय गोंधळ झालेत ते विचारू नका. एका मुलीने आनंदाच्या भरात आजीला फोन केला, "आजी, आज मला चार उलट्या झाल्या!" आजी बिचारी साखर-मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत हॉलवर हजर. नातीला पाचवी उलटी मारताना बघून ते पाणी आजीनेच प्यायलं.

बाई स्वतः तरुणपणी स्पर्धांमध्ये उतरायच्या आणि चौथ्या यायच्या. कायम चौथ्या. पाचवा आला तर माणूस निमूट घरी जातो, तिसरा आला तर फोटोत तरी येतो. चौथ्याचं दुखणं चौथ्यालाच ठाऊक. पण त्याच हॉलमध्ये त्यांना नवरा मिळाला. तो गाद्या करणारा. नवीन मॅटची मापं घ्यायला आला होता. बाईंनी त्याला विचारलं, "गादी किती दबेल?" तो म्हणाला, "कोण पडणार आहे ते आधी सांगा." झालं! घरच्यांनी आणलेल्या एकाही स्थळाने इतकं शहाणपणाचं काही विचारलं नव्हतं. बाईंनी तिथल्या तिथे मनात ठरवून टाकलं आणि त्याला पत्ता लागायला पुढे बरेच महिने गेले.

तेव्हापासून बाईंचं आयुष्य असं: सकाळी नवऱ्याच्या दुकानात खोळी शिवायच्या, दुपारी जरा पाठ टेकायची आणि संध्याकाळी हॉल. खोळी शिवताना त्या गप्प असत. हॉलमध्ये त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या केस कापणाऱ्याच्या दुकानात ऐकू जाई आणि गिऱ्हाईकं दचकू नयेत म्हणून तो संध्याकाळी वस्तरा हातात घेत नसे.

बाई शिकवायच्या मात्र झकास. दुकानातलं एक फिरतं स्टूल त्यांनी हॉलवर नेऊन ठेवलं होतं. नव्या पोराला त्यावर बसवायचं, हात पसरायला सांगायचं आणि एक गिरकी द्यायची. पोर सावकाश फिरू लागलं की ओरडायचं, "आता हात छातीशी!" हात छातीशी घेतले की पोर भिंगरीसारखं गरगरे.

"बघितलंस? मी ढकललं एकदाच. तू स्वतःला आवरलंस म्हणून वेग वाढला. उलटीत असंच. पाय जमिनीवर आहेत तोवर जी गिरकी घ्यायची ती घे. एकदा पाय सुटले की देवाचा धावा केलास तरी चिमूटभर जास्त मिळायची नाही. वर गेल्यावर तुझ्या हातात एवढंच, गुडघे पोटाशी घेऊन लहान व्हायचं की ताणून लांब व्हायचं. लहान झालास की भरभर फिरशील. जमीन दिसली की उघड, म्हणजे वेग उतरेल आणि पायांवर येशील. कळलं?"

पोर म्हणे, "कळलं." कळलेलं काही नसे, डोकं गरगरत असे. पण पुढच्या कामाला बाईंचा हात होता ना!

हा हात म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. बाई पोराच्या बाजूला उभ्या राहायच्या. एक हात त्याच्या कमरेवर पाठीमागून, दुसरा मांडीमागे. डोळे कमरेवर. मग आकडे. "एक, दोन, मागे!" 'मागे' म्हटलं की पोराने उडायचं. पोर उडालं की बाईंचा हात त्याला कमरेतून असा काही उचलून फिरवे की त्याला वाटे, आपणच केलं. दर खेपेला हात थोडा थोडा कमी लागे. महिना-दोन महिन्यांनी हात नुसता टेकलेला असे आणि एक दिवस तोही नसे. पोराला कळायचंसुद्धा नाही. "बाई, तुम्ही हात लावला होता ना?" "हो रे बाळा, लावला होता," असं बाई खोटंच सांगत आणि दुसऱ्या दिवशी खरं सांगत. या हाताचा बाईंना भारी अभिमान. तोंडाने बोलून दाखवायच्या नाहीत, पण घरात तेलाची बाटली उघडत नसली की म्हणायच्या, "द्या इकडे. या हाताने लोकांची पोरं पार केलीत."

मग आला ढोल्या. अंगापिंडाने थोराड, मनाने लोणी आणि भलताच आज्ञाधारक. सगळ्या पोरांना जे सांगाल त्याच्या अर्धं ती करतात, त्यामुळे जगाचं बरं चाललेलं असतं. ढोल्या सांगाल त्याच्या दुप्पट करायचा. बाई म्हणाल्या, "एक, दोन, मागे!" ढोल्याने मान जी मागे टाकली ती जीव खाऊन टाकली, आणि सगळं धूड आडवं होऊन मॅटच्या बाहेर निघालं. खाली फरशी. बाई झेपावल्या, खांद्यातून कचकन आवाज आला, पण हात सुटला नाही. ढोल्या पायांवर उतरला आणि ओरडला, "बाई, झाली! मला झाली!"

"झाली हो राजा," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

ऑपरेशन झालं, हात गळ्यात आला. ढोल्या रोज घरी येऊन दारात उभा राहून रडायचा. शेवटी बाईंनी त्याला सांगितलं, की रडायचंच असेल तर आत ये आणि रडता रडता शेंगा सोल. हाडांच्या डॉक्टरांनी नंतर पट्टी काढली, हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "कपबशी उचला, केस विंचरा, भाजी निवडा. पोरं मात्र उचलायची नाहीत. आता कधीच नाहीत."

हॉलचे मॅनेजर तसे भले माणूस, पण नियमाला चिकटलेले. ते म्हणाले, "बाई, आधार देणारा माणूस नसेल तर उलटी शिकवता येणार नाही. उलटी नसेल तर ही मुलं पुलापलीकडच्या नव्या हॉलवर जाणार. मग इथे तुम्ही एकट्या शिड्या पुसत बसणार का?"

"आणि हात न लावता शिकवली तर?"

"हात न लावता?" मॅनेजरांनी चष्मा वर केला. "बाई, इतकी वर्षं तुम्हीच सांगत आलात की हाताशिवाय ही शिकवता येत नाही."

"आता उलटं सांगतेय."

मॅनेजरांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. बाईंच्या गळ्यातली पट्टी कशामुळे आली होती ते त्यांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "नव्या बॅचची नावं घ्यायच्या आधी मी येतो. एक मूल दाखवा, ज्याला तुम्ही सुरुवातीपासून हात न लावता शिकवलं. तसं झालं तर बॅच तुमची."

एक मूल म्हणजे कोण, हा प्रश्नच नव्हता. बाकी सगळ्यांना उलटी आलेली होती, राहिली होती फक्त मुंगी. मुंगी सगळ्यात लहान, सगळ्यात हलकी आणि बोलायला कमी. बाई दवाखान्यात होत्या तेव्हासुद्धा ती रोज येऊन शिडीला लोंबकळून पाय पोटाशी घ्यायचा सराव करत बसायची. बाई परत आल्या तेव्हा तिने एवढंच विचारलं, "बाई, माझं काय?"

आता हॉल गेला असता तर बाई उपाशी मेल्या असत्या का? मुळीच नाही. दुकान होतं, खोळी होत्या. पण संध्याकाळ झाली की ज्या बाईच्या पायांना आपोआप चपला शोधायची सवय, तिने खोळीला टाके घालत बसायचं? बाईंनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "अहो, हॉल सुटला तर मी घरात इतकी खवट होईन की तुम्हीच घर सोडाल." नवरा म्हणाला, "आत्ता गोड आहेस का?" पण त्याने मुंगीसाठी फोमची जाड गादी करायला त्याच दिवशी घेतली.

सुरुवात झाली. मागे ही जाड गादी अंथरलेली, म्हणजे कशीही पडली तरी लागायचं नाही. बाई हात पाठीशी धरून उभ्या. "एक, दोन, मागे!" मुंगी उडाली आणि मागे गेली. वर गेलीच नाही. गादीवर बसकण मारून, मान दुमडून पडली. पुन्हा. "एक, दोन, मागे!" पुन्हा तेच. मान मागे, कंबर मागे, आणि दाणकन गादीवर. तिला स्टुलावर फिरवून झालं, गुडघे कसे घ्यायचे ते सांगून झालं, हात कानापर्यंत कसे न्यायचे ते सांगून झालं. मुंगी मान डोलवायची आणि पुन्हा तशीच, उंबऱ्याला अडखळल्यासारखी, मागे पडायची. तिच्या तोंडून हूं का चूं नाही. ते तर बाईंना आणखीच लागे.

"भीती बसलीये तिच्या मनात," बाईंनी घरी सांगितलं. मग जरा वेळाने म्हणाल्या, "नाही हो. भीती नाही. मी शिकवलेलंच नाही कधी कोणाला. सगळं हा हात करत होता. मी नुसती शेजारी उभी राहून बडबडत होते." नवऱ्याने काही तरी विनोद शोधला, पण सापडला नाही, म्हणून तो चहा टाकायला उठला.

पुढच्या सकाळी दुकानातून एका लॉजसाठी गाद्यांचा माल निघायचा होता. गल्ली अरुंद, टेम्पो उलटा घ्यायचा. गाद्या आधीच भरलेल्या, पाठीमागचं दार उघडं. नवरा चालवायला बसला आणि बाई पाठीमागे उभ्या राहिल्या, चांगला हात हलवत. तोंड चालू होतं, "येऊ द्या, मागे, मागे, अजून मागे..." आणि डोकं होतं मुंगीच्या कमरेपाशी.

धाड! टेम्पोचं बूड शेजारच्या शिंप्याच्या ओट्यावरच्या पाण्याच्या पिंपावर आदळलं. पिंप उचकटलं, कलंडलं आणि अख्खं पाणी उघड्या दारातून सरळ नव्या कोऱ्या गाद्यांवर! शिंपी बाहेर आला, डोक्याला हात लावून उभा राहिला आणि आत जाऊन टेप घेऊन आला, का ते त्याचं त्याला ठाऊक.

नवरा खाली उतरला. "अगं, डोळे आहेत की बटणं शिवलीत?"

"मी थांबा म्हणणारच होते."

"म्हणणार होतीस! तोंडाने तर मागे-मागे चाललं होतं! मागे म्हणालीस, मागे आलो. मग काय वर जायला हवं होतं मी? टेम्पो आहे हा, हेलिकॉप्टर नाही!"

बाई गर्रकन वळल्या. "काय म्हणालात?"

"हेलिकॉप्टर."

"त्याच्या आधी!"

"टेम्पो म्हणालो. शिवी नाही दिली मी."

"अहो, त्याच्या आधी!"

"मागे म्हणालीस, मागे आलो. मग काय वर जाऊ?" नवऱ्याने आता जरा घाबरून बायकोकडे बघितलं. "डोकं आपटलं का तुझं कुठे?"

बाईंनी टेम्पोकडे पाठ फिरवली. त्या सरळ शिंप्याच्या भिंतीकडे पाठ करून, वीतभर पुढे उभ्या राहिल्या. गुडघे वाकवले, चांगला हात मागे नेला आणि मोठ्याने स्वतःलाच म्हणाल्या, "मागे!" आणि उडाल्या. बूड भिंतीवर थाडकन बसलं. पुन्हा उभ्या राहिल्या. "वर!" पाय सरळ सुटले, अंग ताठ वर गेलं आणि भिंतीला पदरसुद्धा लागला नाही. पन्नाशी उलटलेली बाई भर सकाळी भिंतीशी उड्या मारतेय म्हटल्यावर गल्ली जमणारच. बाईंना त्याचं काय! "मागे!" थाड. "वर!" सुटल्या. "मागे!" थाड.

"अहो, चूक माझीच होती!" बाई इतक्या आनंदाने ओरडल्या, की स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस गल्लीने आजवर पाहिला नव्हता. "मी मागे म्हणत होते आणि हात वर उचलत होता! तोंड बिघडवायचं आणि हात निस्तरायचा. पोरं हाताचं ऐकायची. ढोल्याने बिचाऱ्याने तोंडाचं ऐकलं, आणि माझा खांदा गेला. मुंगीला तर हातच नाही, ती माझं तोंडच ऐकतेय!"

"म्हणजे इतकी वर्षं तू चुकीचं ओरडत होतीस?" नवऱ्याने विचारलं.

"इतकी वर्षं!" बाई हसतच सुटल्या.

शिंपी टेप घेऊन तसाच उभा होता. त्याने विचारलं, "आणि माझं पिंप?"

लॉजवाल्याने भिजलेल्या गाद्या घ्यायला साफ नकार दिला. नवऱ्याने त्या उन्हात टाकल्या, उलट्यापालट्या केल्या, पण फोमला पाण्याचे डाग पडले ते पडलेच. विकायच्या कामाच्या नव्हत्या. हॉलच्या कामाच्या मात्र नक्कीच होत्या. दोन फेऱ्यांत त्या सगळ्या हॉलवर पोचल्या, आणि बाईंनी त्यांची थप्पी रचली.

मुंगी आली तेव्हा बाईंनी तिला आधी समोर बसवलं. "मुंगे, ऐक. तू चुकत नव्हतीस. मी मागे म्हणत होते, तू मागे जात होतीस. शब्दच खोटा होता. मागे जायचंच नाही आपल्याला. उलटी मागे नसते, वर असते. जमिनीला ढकलायचं, हात कानाशी, डोळे समोर, आणि छताकडे जायचं. अंग जेवढं मागे कलायला हवं तेवढं ते न सांगता कलतं. सांगितलं की दुप्पट कलतं आणि उंची खाऊन टाकतं. पुरेशी वर गेलीस की गुडघे छातीशी आण. गुडघे वर आले की डोकं आपोआप खाली जातं, त्याला फेकावं लागत नाही."

मुंगीने विचार केला. "मग आधी का नाही सांगितलं?"

"मला माहीत नव्हतं."

मुंगीने पहिल्यांदा बाईंकडे नीट डोळे भरून बघितलं आणि खुदकन हसली. आपल्या बाईंना काही तरी माहीत नव्हतं, ही गोष्ट तिला फारच आवडलेली दिसली.

आता थप्पीचं काम असं. मुंगीने थप्पीकडे पाठ करून उभं राहायचं, वर उडायचं आणि थप्पीच्या माथ्यावर पाठ टेकायची. मागे उडाली तर पाठ थप्पीच्या बाजूवर आपटणार आणि घसरत खाली येणार. वर उडाली तरच माथा मिळणार. म्हणजे बाईंनी बोलायची गरजच नाही, चूक काय ते गादीच सांगणार. थप्पी मुंगीच्या मांडीइतकी होती, मग कमरेइतकी झाली, मग वर आणखी एक गादी चढली. मुंगी घसरली, आपटली, हसली, पुन्हा उभी राहिली. ज्या दिवशी ती छातीएवढ्या थप्पीवर पाठ टेकून पडली, त्या दिवशी बाईंना हात वर करून नाचायचं होतं, पण हात वर होत नव्हता, म्हणून त्या तशाच नाचल्या.

हॉलमधून आता रोज "वर! वर! वर!" असा घोष सुरू झाला. केस कापणाऱ्याने नवऱ्याला रस्त्यात गाठलं. "काय हो, बाई या वयात एवढ्या आरोळ्या ठोकून वर मागताहेत! तुम्ही आहात ना अजून?" नवरा म्हणाला, "मला बघूनच मागतेय."

माथ्यावर पाठ टेकायला लागल्यावर गुडघे आले. वर, मग गुडघे. पाठीवर पडायच्या ऐवजी आता मुंगी थप्पीवर फिरून गुडघ्यांवर येऊ लागली, मग पायांवर. आणि मग थप्पी उतरायला लागली. एक गादी कमी, पुन्हा एक कमी. उंची मुंगीच्या अंगात आलेली होती, गादी काढली म्हणून ती जाणार कुठे? शेवटी खाली उरली एकच, तीही मुंगीने स्वतः ओढून बाजूला केली. बाई म्हणाल्या, "आज नको. उद्या मॅनेजर येणार आहेत. पहिली सगळ्यांसमोर."

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी हा काय आगाऊपणा केला? करून बघायला नको होतं का? पण बाईंना माहीत होतं, की मुंगीला ती येते. प्रश्न मुंगीचा नव्हताच. जोखीम बाईंच्या हाताची होती. एकदा खासगीत करून घ्यायची म्हटली, तर हा दुखरा हात पुढे गेल्याशिवाय राहणार नाही, आणि मग हात लावून शिकवली हे खरं ठरेल. चार माणसांसमोर तरी त्याला लाज वाटेल.

मॅनेजर आले. पंखा सुरू झाला. सगळी पोरं भिंतीशी मांडी घालून बसली, ढोल्या तर शिडीला पाठ चिकटवून श्वास रोखून. मधोमध एक साधी मॅट आणि मॅटवर मुंगी.

"बाई, निदान बाजूला तरी उभ्या राहा," मॅनेजर म्हणाले.

"बाजूला राहिले तर हात पुढे जाईल, साहेब. जन्माची खोड आहे." बाई मुंगीच्या समोर गेल्या आणि चार पावलं दूर उभ्या राहिल्या. दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकाने दुसऱ्याला घट्ट धरलं.

मुंगी बाईंकडे बघत होती. त्यांनी आकडे मोजले. "एक. दोन. वर!"

गुडघे वाकले, हात मागून पुढे आणि कानापर्यंत गेले, टाचा सुटल्या, चवडे सुटले, आणि मुंगीचा चेहरा सरळ वर आला. बाईंच्या डोळ्यांच्या रेषेत, मग त्याच्याही वर. ओठ मिटलेले, डोळे टक्क उघडे, भुवया अशा चढलेल्या की जणू पोरीला कोणी तरी छतावरून हाक मारली. मग तो चेहरा गेला. गुडघे दिसले, तळवे दिसले, पाठीवरची वेणी दिसली, आणि पुन्हा चेहरा! तोच, पण आता पार फुललेला, तोंड उघडं आणि डोळे बाईंवर. पाय मॅटवर टेकले, गुडघे वाकले, सरळ झाले. एक पाऊलसुद्धा हललं नाही.

हॉल दणाणला. पोरं उड्या मारत उठली, ढोल्या तर ओक्साबोक्शी रडायलाच लागला. मॅनेजर टाळ्या वाजवत म्हणाले, "बाई, बॅच तुमची. मानलं बुवा तुम्हाला!" आणखी बरंच काही म्हणाले, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या मुंगीच्या तोंडाकडे बघत होत्या. हात अजून पाठीमागेच होते आणि डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत होतं.

"बाई, चुकलं का काही?" मुंगीने घाबरून विचारलं.

"नाही गं बयो. असं दिसतं होय हे?"

"काय?"

"उडताना माणसाचं तोंड असं दिसतं?" बाईंनी पदराने डोळे पुसले. "मी कायम बाजूला असायचे गं. कमरेकडे बघत. एवढी पोरं उडाली आणि एकाचंही तोंड मी बघितलं नाही!"

बाईंनी नाक ओढलं, आवाज चढवला, आणि तो रस्त्यापलीकडे नक्की पोचला असणार.

"ढोल्या! रडं पुरे. मॅटवर ये!"

"पण बाई, मला तर आधीच आलीये उलटी."

"तुला आली असेल, मी बघितलेली नाही. चला, सगळ्यांनी रांग लावा. एकेकाने येऊन माझ्यासमोर उभं राहायचं. आज मला सगळ्यांच्या बघायच्या आहेत."